शस्त्रक्रियेनंतरचा रोजमेळ

व्यापारी मनुष्याने वैद्यकीय विषयावर लेखणी उचलावी, हे कित्येक सभासद बंधूंस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. उस्मानगंजात तूर, हरभरा आणि ज्वारी यांची घाऊक उलाढाल करण्यात आमचे आयुष्य गेले. तथापि गेली काही वर्षे असोसिएशनच्या वैद्यकीय साहाय्य समितीवर काम करण्याचा योग आला, आणि तेथे येणाऱ्या अर्जांपैकी एका प्रकारच्या अर्जाने आम्हांस स्वस्थ बसू दिले नाही. मूल चार-पाच वर्षांचे, पाय ताठ, चवड्यांवर उभे राहते आणि पाऊल टाकताना दोन्ही पायांची कात्री होते. डॉक्टरांनी कण्यातील ज्ञानतंतूंची शस्त्रक्रिया सुचविली आहे, तरी खर्चास साहाय्य व्हावे. खाली वडिलांची सही, आणि बहुधा आजोबांचीही. असा अर्ज आला की समितीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'याने मुलगा चालू लागेल ना?' आमच्या मते हा प्रश्न अपुरा आहे. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी त्या मुलाचा दिवस कसा जाईल, तो आपले कपडे आपण घालील काय, मोरीपर्यंत एकटा जाईल काय, दुकानावर येऊन बसेल काय, हे कोणी विचारीत नाही. या शस्त्रक्रियेस आता इतकी वर्षे लोटली आहेत की या प्रश्नांची काही उत्तरे नोंदली गेली आहेत. डॉक्टर मंडळींस विचारून आणि जे हाती आले ते वाचून जेवढे समजले, तेवढे येथे मांडतो.

प्रथम व्याधीविषयी. मेंदूचा पक्षाघात, ज्यास डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात, ती जन्माच्या आगेमागे मेंदूस झालेली इजा होय. अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण, जन्मताच न रडलेले बालक, तीव्र कावीळ, अशी तिची नाना कारणे आहेत. लंडनचे डॉक्टर विल्यम लिटल यांनी १८६१-६२ च्या सुमारास या मुलांचे वर्णन केले, म्हणून कित्येक वर्षे हा 'लिटलचा रोग' या नावाने ओळखला जाई. आपल्या देशात हजार मुलांमागे सुमारे तीन मुलांस ही व्याधी असते असा अंदाज आहे. मेंदूची इजा वाढत नाही, पण बरीही होत नाही. शरीर मात्र वाढत राहते, आणि पुढील सारे कठीण प्रसंग या वाढीतूनच उद्भवतात.

नामपल्ली स्टेशनापासून थोड्याच अंतरावर, रेड हिल्सला, निलोफर रुग्णालय आहे. निजामांच्या स्नुषा प्रिन्सेस निलोफर यांच्या एका दासीचा बाळंतपणात अंत झाला, त्या दुःखातून या रुग्णालयाची कल्पना निघाली आणि १९५३ साली ते सुरू झाले, हे जुन्या हैदराबादकरांस सांगावयास नको. पूर्वी जी अपुऱ्या दिवसांची बालके एका रात्रीतच जात, त्यांतील कितीतरी आज अशा रुग्णालयांतून जगून घरी येतात. ही मोठीच गोष्ट आहे. परंतु जगलेल्या अशा काही बालकांच्या पायांत हा ताठा राहून जातो, आणि तो बहुधा वर्ष-दीड वर्षाने, मूल उभे राहू लागण्याच्या वेळी, घरच्यांच्या ध्यानी येतो.

आता शस्त्रक्रिया. आपला स्नायू ताणला गेला की त्याची वर्दी ज्ञानतंतूंच्या मागील मुळांवाटे मज्जारज्जूकडे जाते आणि तेथून 'आखड' असा हुकूम उलट येतो. निरोगी माणसात मेंदू या हुकुमास लगाम घालतो. या मुलांत लगाम सैल असल्याने लहानशा वर्दीवरही मोठा हुकूम सुटतो, आणि पाय लाकडासारखा होतो. वर्दी नेणाऱ्या तंतूंपैकी काही कापले तर हुकूम कमी सुटतील, ही या शस्त्रक्रियेची मूळ कल्पना होय. १८९८ साली शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने ती मांजरांवर प्रयोग करून सिद्ध केली. (हे वाक्य लिहिताना आमची लेखणी अडखळली, हे आपल्या समाजातील वाचकांस निराळे सांगणे नको.) पुढे १९०८ च्या सुमारास ब्रेस्लाऊ शहरी फर्स्टर नामक डॉक्टरांनी ती माणसांवर केली. ते सबंध मूळच कापीत. त्याने ताठा जाई, पण पायाची जाणीवही जाई. म्हणून ती रीत मागे पडली. १९६० नंतर फ्रान्समध्ये ग्रो यांनी मुळाचा काही भागच कापावा असे ठरविले. १९७० नंतर इटलीत फसानो यांनी विजेचा सूक्ष्म झटका देऊन कोणता तंतू अधिक खवळतो हे पाहण्याची युक्ती काढली. आणि १९८१ पासून दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे वॉरविक पीकॉक यांनी कमरेच्या खालच्या भागी, जेथे मुळे सुटी सुटी सापडतात तेथे, ही शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला. मूत्राशयाचे तंतू तेथे अधिक सहज ओळखू येतात आणि वाचविता येतात. अमेरिकेत सेंट लुइस येथे डॉक्टर पार्क यांनी १९८७ पासून हेच काम हाती घेऊन हजारो मुलांवर ही शस्त्रक्रिया केली. आपल्या देशात ती मोजक्याच ठिकाणी होते.

हिचा गुण निर्विवाद आहे : ताठा उतरतो, आणि दीर्घकाळ उतरलेला राहतो. परंतु ताठा उतरणे आणि काम करता येणे हे दोन निरनिराळे हिशेब आहेत. व्हँकुव्हर, टोरांटो आणि सिएटल येथे १९९० नंतरच्या दशकात तीन चाचण्या झाल्या. काही मुलांस शस्त्रक्रिया आणि व्यायाम, काहींस केवळ व्यायाम. तिन्हींतील मुले मिळून शंभरही भरत नाहीत. २००२ साली तिन्हींचा एकत्र ताळा घेतला, तेव्हा ताठा स्पष्टपणे कमी झालेला दिसला. पण हालचालीच्या सामर्थ्यात शस्त्रक्रियेने पडलेली अधिकची भर लहानच निघाली. धंद्यातील मंडळींना हे चटकन उमजेल. बाजार चढता असताना घेतलेला माल विकून नफा झाला, तर त्यातील किती नफा आपल्या अकलेचा आणि किती बाजाराचा, हे शेजारच्या दुकानदाराची वही पाहिल्याशिवाय कळत नाही. चार वर्षांचे मूल शस्त्रक्रिया न होताही सहा महिन्यांत थोडे पुढे जातेच. मेंदूच्या पक्षाघाताची मुले आपल्या हालचालीच्या सामर्थ्याचा बहुतेक भाग पाच ते सात वर्षांच्या वयातच गाठतात, आणि ज्यांची व्याधी अधिक तीव्र, त्यांचे सामर्थ्य पौगंडावस्थेत पुन्हा काहीसे घसरते, हे कॅनडातील अभ्यासकांनी शेकडो मुले पाहून ठरविले आहे.

म्हणूनच दीर्घकाळाच्या नोंदी मोलाच्या ठरतात. केपटाऊनच्या मंडळींनी आपल्या पहिल्या काळातील मुलांस सोडून दिले नाही. १७ ते २६ वर्षे लोटल्यावर त्यांनी ३१ जणांस पुन्हा गाठले. ती मुले आता कर्ती माणसे झाली होती. त्यांपैकी बहुतेकांची खाणेपिणे, नेसणे, स्वच्छता ही नित्याची कामे स्वतःची स्वतः चालत. अडचण मुख्यतः चालणे, जिने, लांबचा पल्ला यांत होती. त्यांच्या पाठीच्या कण्याची चित्रे घेतली, तेव्हा काहींत बाक आणि झीजही आढळली, म्हणजे कण्यावर आयुष्यभर लक्ष ठेवणे आले. स्टॉकहोम येथे १९ मुलांचा दहा वर्षे मागोवा घेतला गेला. ताठा गेला तो फारसा परत आला नाही. हालचालीचा उत्तम काळ शस्त्रक्रियेनंतर तीनेक वर्षांनी दिसला. पण सांधे आखडत जाणे काही थांबले नाही, आणि कित्येकांस पुढे स्नायूबंधांच्या व हाडांच्या शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. अमेरिकेतील गिलेट रुग्णालयाने २०१७ साली शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या मुलांची दहा वर्षांहून अधिक काळानंतर तुलना प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया न झालेल्यांस मध्यंतरी इतर उपचार अधिक घ्यावे लागले होते; तथापि अखेरीस दोहोंच्या चालण्यात आणि दैनंदिन जीवनात अंतर थोडेच राहिले. सेंट लुइसच्या डॉक्टरांनी २० ते २८ वर्षांपूर्वीच्या आपल्या ९५ रुग्णांस विचारले, तेव्हा दहांपैकी नऊ जणांनी आयुष्य सुधारल्याचे सांगितले. या शेवटच्या दाखल्याविषयी एवढेच म्हणतो की मालाची पारख विकणाऱ्याच्या पेढीवर झाली आहे. तो खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. पोते आपणही उघडून पाहावे इतकेच.

इंग्लंडातील हकिकत समितीच्या सभासदांनी अवश्य वाचावी. तेथील कित्येक आईबापांनी वर्गणी गोळा करून मुलांस सेंट लुइस येथे नेले. लोकांनी उदारपणे पैसे दिले. मुले परत आली, आणि मग प्रश्न उभा राहिला की पुढील व्यायामाचा भार कोणी घ्यावा. शेवटी २०१४ ते २०१६ या काळात सरकारी आरोग्य खात्याने पाच रुग्णालयांत १३७ मुलांवर ही शस्त्रक्रिया करून दोन वर्षे त्यांचा हिशेब ठेवला. मुले तीन ते नऊ वर्षांची निवडली, आणि तीही मधल्या पायऱ्यांवरची, म्हणजे काहीशा आधाराने का होईना, चालणारी. त्यांच्या हालचालीत आणि राहणीत सुधारणा दिसली, आणि २०१८ साली खात्याने हा खर्च सरकारने करावा असे ठरविले. ही मधली पायरी म्हणजे काय ते सांगणे जरूर आहे. १९९७ साली कॅनडात या मुलांच्या हालचालीच्या पाच पायऱ्या ठरविण्यात आल्या. पहिल्या पायरीवरचे मूल धावते, फक्त थोडे अडखळते. पाचव्या पायरीवरच्या मुलास मानही सावरता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरील मुलांस या शस्त्रक्रियेचा लाभ अधिक संभवतो. चौथ्या-पाचव्या पायरीवरील मुलांवर ती कधी करतात ती वेदना कमी व्हाव्यात आणि अंघोळ घालणे, कपडे चढविणे सुकर व्हावे म्हणून. तेथे 'चालू लागेल काय' हा प्रश्न विचारणे म्हणजे आईबापांस फसव्या आशेत ठेवणे होय.

आमच्या एका आप्तांच्या घरचे उदाहरण आम्ही जवळून पाहिले आहे. नावगाव देण्याचे प्रयोजन नाही. मुलगा तिसऱ्या पायरीचा. सहाव्या वर्षी परगावी शस्त्रक्रिया झाली. आज तो एकोणीस वर्षांचा आहे. शस्त्रक्रियेनंतर प्रथम जे घडले त्याची घरात कोणास कल्पना नव्हती. जो मुलगा पूर्वी खुर्चीस धरून उभा राही, तो उभाही राहीना. पाय कापसासारखे मऊ पडले. त्याने आईस विचारले, 'माझे पाय कोणी नेले?' आजीने तर पैसे पाण्यात गेले म्हणून अन्न सोडले. वास्तविक ताठा हीच त्या मुलाची काठी होती. ती काढून घेतल्यावर खालचे दुर्बळ स्नायू उघडे पडले, आणि त्यांस बळ आणण्यास महिने लागणार होते. पूर्वीइतका उभा राहण्यास त्याला सहा महिने लागले, आणि वॉकर घेऊन अंगण ओलांडण्यास वर्ष. या काळात दररोज दोन वेळा व्यायाम. सकाळचा आईने करून घ्यावयाचा, संध्याकाळचा व्यायामतज्ज्ञाने. आठवड्यातून पाच दिवस रिक्षा.

लाभ झाला तो कोठे झाला, हे ऐकून वाचकांस कदाचित नवल वाटेल. पूर्वी त्याचे गुडघे एकमेकांपासून सुटत नसत, त्यामुळे चड्डी चढविणे, स्वच्छता करणे हे दोन माणसांचे काम होते. ते एकाचे झाले, आणि नवव्या वर्षी शून्य माणसांचे झाले. स्टुलावर बसून तो स्वतः पॅन्ट घालू लागला. रात्री पायांत गोळे येऊन तो तीन-तीनदा उठे, ते थांबले, आणि त्याबरोबर त्याची आई झोपू लागली. तेराव्या वर्षी उंची एकदम वाढली, टाचा पुन्हा उचलल्या गेल्या, आणि पोटरीचा स्नायूबंध लांब करण्याची दुसरी शस्त्रक्रिया झाली. सोळाव्या वर्षी वजन वाढले आणि चालणे मंदावले. तेव्हापासून बाहेर लांब जाणे असेल तर तो चाकांची खुर्ची वापरतो. प्रथम घरच्यांस हा पराभव वाटला. मुलास तो वाटला नाही. कॉलेजात पोचल्यावर अंगात दम उरतो, असे तो म्हणतो. आज तो घरात दोन काठ्यांवर फिरतो, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षास आहे आणि दुपारी दुकानात बसून जीएसटीचे काम पाहतो. अंघोळ आणि कपडे यांस पस्तीस मिनिटे लागतात, पण मोरीचे दार आतून बंद असते.

त्या घरच्या वहीत आम्ही खर्च पाहिला. शस्त्रक्रियेचे, इस्पितळाचे आणि प्रवासाचे बिल एका बाजूस. तेरा वर्षांचा व्यायाम, दर वर्षी-दीड वर्षाने लहान पडणारे पायाचे साचे, बूट, रिक्षाभाडे हे दुसऱ्या बाजूस. दुसरी बाजू दुपटीहून अधिक भरली. आईने सोडलेली नोकरी त्या वहीत लिहिलेलीच नाही. शस्त्रक्रियेस साहाय्य करणारे हात पुष्कळ निघाले, एका धर्मादाय निधीने तर मागताक्षणी धनादेश दिला. त्याच निधीकडे दुसऱ्या वर्षी व्यायामाच्या खर्चासाठी अर्ज गेला, तेव्हा 'हा प्रकार आमच्या नियमांत बसत नाही' असे दोन ओळींचे उत्तर आले.

आणखी एक गोष्ट पाश्चात्त्य नोंदींत सापडत नाही, ती आपली आपणच नोंदली पाहिजे. तेथील कामांची यादी खुर्ची, टब आणि मोटार यांच्याभोवती फिरते. आपला दिवस जमिनीजवळ जातो. पाटावर जेवणे, पंगतीत मांडी घालणे, उकिडवे बसून शौचास जाणे, प्रवचनास सतरंजीवर तासभर बसणे, ही कामे त्या फूटपट्टीने मोजलीच जात नाहीत. ताठा गेल्यावर मांडी घालणे पुष्कळांस सुकर होते. उकिडवे बसणे मात्र बहुधा जमत नाही, कारण त्यास घोट्याचा लवचिकपणा आणि मांडीचे बळ दोन्ही लागतात. यास्तव घरी कमोड आणि भिंतीस एक भक्कम लोखंडी दांडी बसविणे, हे शस्त्रक्रियेच्या यादीतच धरावे.

मुंबईस हाजीअली येथे १९५५ पासून चालत आलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. नामपल्लीहून सुटणाऱ्या हुसेनसागर एक्सप्रेसने आपल्या भागातील काही कुटुंबे तेथे जातात. त्याच मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली आणि पुढील वर्षी कुलाब्यास शाळा काढली, कारण त्यांची कन्या मालिनी हिला घेईल अशी शाळा येथे नव्हती. मालिनी चिब यांस चालता येत नाही, आणि त्या एका बोटाने टंकलेखन करतात. त्यांनी लंडनला दोनदा एम. ए. केले, मुंबईत पुस्तकांच्या दुकानात नोकरी केली आणि २०११ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यांची हकिकत कण्याच्या शस्त्रक्रियेची नव्हे. पण जे आईबाप पायांसाठी मुलाची दोन-तीन वर्षे शाळेबाहेर घालवितात, त्यांनी ती ऐकावी. व्यायामाची वेळ शाळेच्या वेळेवर येऊ देऊ नये, असे आम्हांस आग्रहाने वाटते.

अर्ज करणाऱ्या कुटुंबाने डॉक्टरांस काय विचारावे? मूल कितव्या पायरीवर आहे. ताठ्याखाली बळ किती आहे, आणि ताठा काढल्यावर ते उभे राहण्यास पुरेल काय. खुब्याचे सांधे जागेवर आहेत काय. लघवीवर ताबा, पायाची जाणीव यांस कितपत धोका आहे. गोळ्यांनी किंवा इंजेक्शनांनी भागण्याजोगे आहे काय, कारण ते उपचार थांबविता येतात, कापलेला तंतू परत जोडता येत नाही. आणि शेवटी, परत आल्यावर आपल्या गावी व्यायाम कोण करून घेणार, त्याचे नाव आणि पत्ता. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर तारीख पुढे ढकलावी, असे आम्ही अर्जदारास तोंडावर सांगतो. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत या मुलांस एक लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण मिळते आणि त्यात व्यायामोपचाराचाही अंतर्भाव आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून तेथे नाव नोंदविणे हे घरातील कर्त्या पुरुषाचे पहिले काम असावे. आपल्या समाजात पुष्कळ जण लोक काय म्हणतील, बहिणीच्या लग्नास अडचण येईल, या धास्तीने ते प्रमाणपत्रच काढीत नाहीत. असो.

वैद्यकीय साहाय्य समितीपुढे आम्ही लेखी सूचना ठेवली आहे, ती सभासदांच्या माहितीसाठी येथे देतो. अशा शस्त्रक्रियेस मंजूर होणाऱ्या रकमेचा निम्मा भाग रुग्णालयास एकरकमी द्यावा. उरलेला निम्मा वेगळ्या खात्यावर ठेवून पहिली दोन वर्षे दरमहा व्यायामतज्ज्ञाच्या बिलावर द्यावा, आणि पुढे मुलगा वा मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत साचे व बूट यांचा खर्च समितीने सोसावा. वर्षातून एकदा समितीच्या एका सभासदाने त्या घरी जाऊन यावे. तेथे त्याने चालण्याची परीक्षा घेऊ नये; सकाळी उठल्यापासून शाळेस जाईपर्यंत कोणते काम मूल स्वतः करते आणि कोणते दुसऱ्याने करावे लागते, एवढे एका कागदावर लिहून आणावे. काही सभासदांचा आक्षेप असा की याने निधी वर्षानुवर्षे अडकून राहील आणि इतर अर्जदारांस कमी पडेल. आक्षेप वजनदार आहे. वर्षाकाठी असे अर्ज दोन किंवा तीनच येतात, हे आमचे त्यावर उत्तर आहे. सूचना येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येईल. ज्या घरांत अशी मुले आहेत, त्यांच्या मातांनीही त्या दिवशी उपस्थित राहून बोलावे, अशी आमची विनंती आहे. सभागृहाच्या पायऱ्यांना दुसऱ्या बाजूसही कठडा बसविण्याचे काम त्यापूर्वी पुरे होईल.